पुरिसोसि? उपसंपदेच्या दारातला एक प्रश्न

उपसंपदा घ्यायला आलेल्या माणसाला संघ काही प्रश्न विचारतो. तुला कुष्ठ आहे का? गंड, किलास, क्षय, अपस्मार यांपैकी काही आहे का? मनुस्सोसि, तू माणूस आहेस का? पुरिसोसि, तू पुरुष आहेस का? तू स्वतंत्र आहेस का, म्हणजे कुणाचा दास नाहीस ना? तुझ्यावर कर्ज नाही ना? राजाच्या चाकरीत नाहीस ना? आईवडिलांची परवानगी आहे का? वीस वर्षे पूर्ण झाली का? पात्र आणि चीवर आहे का? रोगांच्या प्रश्नांना 'नत्थि भन्ते' म्हणायचे, बाकीच्यांना 'आम भन्ते'. थेरवादी परंपरेत हे प्रश्न आजही पालीतच विचारतात आणि उत्तरेही पालीतच द्यावी लागतात. बहुतेक उमेदवार ती पाठ करून येतात. 'पुरिसोसि?' या प्रश्नाशी कुणी अडखळत नाही.

पण ज्याला त्या प्रश्नाशी अडखळावे लागते, त्याचे काय? पारलिंगी माणसाला भिक्खू किंवा भिक्खुणी होता येते का? हा विषय आपल्या कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर निघाला की दोन उत्तरे ठरलेली असतात. एक, विनयात बंदी आहे, विषय संपला. दोन, बुद्धाचा धम्म समतेचा आहे, त्यात अशी बंदी असूच शकत नाही, हे सगळे ब्राह्मणांनी घुसडले असणार. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे पुस्तक न उघडता दिलेली आहेत. बंदी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. ती कशी आली, कुणावर आली आणि तिच्या शेजारीच विनयात दुसरे काय लिहिले आहे, हे मात्र पाहिले पाहिजे.

महावग्गातली गोष्ट अशी. एका 'पंडका'ने प्रव्रज्या घेतली. त्याने तरुण भिक्खूंकडे शरीरसंबंधाची मागणी केली, त्यांनी हाकलले. मग श्रामणेरांकडे केली, त्यांनीही हाकलले. शेवटी तो हत्तींचे माहूत आणि घोड्यांचे मोतद्दार यांच्याकडे गेला. ते लोक गावभर बोलू लागले की हे शाक्यपुत्रीय श्रमण सगळे पंडक आहेत आणि जे नाहीत ते पंडकांना भ्रष्ट करतात. बोभाटा भगवंतांपर्यंत पोहोचला. नियम झाला: पंडकाला उपसंपदा देऊ नये आणि दिली असेल तर त्याला संघातून काढावे. 'उभतोब्यंजनक', म्हणजे दोन्ही लिंगांची चिन्हे असलेल्या माणसाबद्दलही पुढे असाच नियम आला.

आता याच विनयातली सुदिन्नाची गोष्ट शेजारी ठेवून वाचा. वैशालीजवळच्या कलंदक गावचा हा सावकारपुत्र भिक्खू झाला आणि वंश चालावा म्हणून आईच्या आग्रहावरून आपल्या पूर्वीच्या बायकोशी त्याने संबंध केला. त्यावरून पहिला पाराजिक नियम आला. नियम काय आला? जो भिक्खू मैथुन करील तो भिक्खू राहणार नाही. पुरुषांना संघात घेऊ नये, असा आला नाही. सुदिन्नाच्या कृत्याची जबाबदारी सुदिन्नावर राहिली आणि पुढे तसे कृत्य करणाऱ्यावर राहिली. पंडकाच्या गोष्टीत मात्र एकाने जे केले त्याची शिक्षा त्याच्यासारख्या सगळ्यांना झाली, जे अजून जन्मलेही नव्हते त्यांनाही.

ही पद्धत आपल्या ओळखीची आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आणला आणि माणसाने काही करण्याआधीच त्याच्या जमातीवरून त्याला गुन्हेगार ठरवले. आपल्या भटक्या-विमुक्त बांधवांनी त्याचे चटके किती पिढ्या सोसले ते सांगायला नको. त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? त्यांची नोंदवही ठेवायची, त्यांच्या वावरावर पोलिसांची नजर ठेवायची, अशी तरतूद त्यात होती. पारधी आणि हिजडा यांना एकाच कायद्यात बसवणाऱ्या सरकारला दोघांतले साम्य नीट कळले होते. आपल्याला ते अजून कळायचे आहे.

बरे, हा पंडक म्हणजे नेमका कोण? आज पंडक शब्द दिसला की त्याचे भाषांतर सरळ 'तृतीयपंथी' असे केले जाते आणि मग बंदी आपोआप आजच्या पारलिंगी माणसावर येऊन बसते. पाचव्या शतकात बुद्धघोषाने समंतपासादिकेत पंडकाचे पाच प्रकार दिले आहेत. एकाची वासना मुखमैथुनाने शमते. एकाची दुसऱ्यांचा संबंध पाहून, मत्सराने शमते. एकाचे अंडकोश काढलेले असतात. एक महिन्यातून एक पंधरवडाच पंडक असतो. आणि एक जन्मतःच नपुंसक असतो. यांतल्या पहिल्या दोघांना प्रव्रज्येची आडकाठी नाही, आणि पंधरवड्याच्या पंडकाला फक्त त्या पंधरवड्यापुरती आहे, असे एका जुन्या अट्ठकथेच्या आधाराने बुद्धघोष लिहितो. म्हणजे परंपरेतल्या सर्वात मोठ्या भाष्यकाराच्याच मते सगळ्या पंडकांना बंदी नाही. शिवाय या पाचही प्रकारांत 'मी स्त्री आहे' किंवा 'मी पुरुष आहे' असे स्वतःला ओळखणारा माणूस कुठेच नाही. सगळी यादी वासनेची आणि इंद्रियाची आहे. पंधरवड्यापुरता पंडक ही कल्पना आज कोणत्या भन्तेंना पटते? ती सोडून द्यायची आणि त्याच यादीतला उरलेला भाग मात्र त्रिकालाबाधित सत्य म्हणून धरायचा, हे कोणत्या न्यायाने?

पूर्वग्रह नंतरच्या ग्रंथांत आणखी दाट होत जातो. मिलिंदपञ्हात तर पंडकाने कितीही नीट आचरण केले तरी त्याला धम्माचा साक्षात्कार होणार नाही, असे एका यादीत सांगून टाकले आहे. विनयाचा प्रश्न संघात कुणाला घ्यावे एवढाच होता. इथपर्यंत येता येता माणसाच्या आत काय घडू शकते यावरच शिक्का मारून झाला. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये बुद्धवचन म्हणून समोर आलेल्या गोष्टी पारखायची कसोटी दिली आहे. जे बुद्धिसंगत नाही, तर्काला धरून नाही, ज्याचा माणसाच्या कल्याणाशी संबंध नाही, ते बुद्धाच्या नावावर मांडता येणार नाही. ही कसोटी आपण पुनर्जन्माच्या गोष्टींना लावतो, चमत्कारांना लावतो. पंडकाच्या यादीला लावायला हात का थरथरावा?

वर दिलेल्या प्रश्नांकडे पुन्हा पाहू. त्यातला प्रत्येक प्रश्न कुठल्या तरी प्रसंगातून आला आहे. मगधात पाच रोगांची साथ होती आणि राजवैद्य जीवक राजाला व संघालाच औषध देत असे, म्हणून रोगी लोक उपचारापुरते भिक्खू होऊ लागले, मग रोगांचे प्रश्न आले. बिंबिसाराचे सैनिक सीमेवरचे बंड मोडायला जाण्याऐवजी भिक्खू होऊ लागले, राजाने तक्रार केली, मग राजभटाचा प्रश्न आला. राहुलाला न विचारता प्रव्रज्या दिली म्हणून शुद्धोदनाला दुःख झाले, मग आईवडिलांच्या परवानगीचा प्रश्न आला. कर्जदार आणि पळून आलेला दास यांच्यामागे सावकार आणि मालक उभे होते. म्हणजे बाहेरची सत्ता आणि बाहेरचे लोकमत यांच्याशी जुळवून घेत संघाला जगायचे होते, त्या तडजोडींची ही यादी आहे. दासाला आपल्या दारातून परत पाठवावे लागले, हे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. आपण त्यावरून बुद्ध गुलामगिरीचे समर्थक होते असे म्हणतो का? नाही. काळाची मर्यादा म्हणतो आणि योग्यच म्हणतो. मग पंडकाच्या नियमाला तीच मोजपट्टी लावली पाहिजे.

'मनुस्सोसि?' या प्रश्नामागची कथा तर आपल्याला विशेष लागावी अशी आहे. एका नागाने माणसाचे रूप घेऊन उपसंपदा घेतली. झोपेत त्याचे खरे रूप उघडे पडले, बरोबरचा भिक्खू ओरडला, आणि भगवंतांनी नागाला सांगितले की तुला या धम्मविनयात वाढ नाही. नाग रडत निघून गेला. थायलंडमध्ये उपसंपदेच्या उमेदवाराला आजही 'नाक' म्हणजे नागच म्हणतात. ग्रंथकारांच्या लेखी नाग हा सर्प होता. बाबासाहेबांनी ठामपणे सांगितले की नाग ही माणसे होती. दीक्षेसाठी नागपूर का निवडले याचे कारणही त्यांनी १९५६ च्या भाषणात हेच दिले की बुद्धधम्माचा प्रसार नाग लोकांनी केला. तर मग झोपेत खरे रूप दिसले म्हणून ज्याला संघाबाहेर जावे लागले, त्या नागाचे वारस म्हणवणाऱ्यांना 'खरे रूप' या शब्दावर थोडे थांबावेसे वाटले पाहिजे.

आता विनयातला तो भाग, जो आपल्या प्रवचनांत कधी येत नाही. पहिल्या पाराजिकेच्या शेवटी निरनिराळ्या प्रसंगांवर दिलेले निर्णय आहेत. त्यात एका भिक्खूच्या शरीरावर स्त्रीची चिन्हे प्रकट झाली, असा प्रसंग येतो. भिक्खूंनी भगवंतांना विचारले, आता काय करावे? निर्णय असा झाला की त्याचा उपाध्याय तोच राहील, उपसंपदा तीच राहील, भिक्खू म्हणून मोजलेली वर्षे तीच धरली जातील, आणि तिने यापुढे भिक्खुणींमध्ये राहावे. भिक्खू आणि भिक्खुणी दोघांनाही लागू असलेले दोष भिक्खुणी संघात निवारावेत. भिक्खुणींना लागू नसलेल्या दोषांतून ती मुक्त. लगेच उलट प्रसंग येतो, एका भिक्खुणीच्या शरीरावर पुरुषाची चिन्हे प्रकट झाली. तोच निर्णय, दिशा फक्त उलटी.

हे शांतपणे वाचावे. पुन्हा उपसंपदा घे, असे सांगितले नाही. वरिष्ठता गेली, असे सांगितले नाही. हे का घडले, कोणत्या पापाने घडले, अशी चौकशी नाही. 'नक्की खात्री करून घ्या' असे तपासणीचे फर्मान नाही. माणूस तोच आहे, राहायची जागा बदलली, एवढेच. एखाद्या कार्यालयाने कर्मचाऱ्याची बदली सेवाज्येष्ठता कायम ठेवून करावी, इतका साधा हा निकाल आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने नालसा निकालात स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा अधिकार मान्य केला, तेव्हा आपल्या देशाने मोठी मजल मारली. त्या निकालाची पाली भाषेतली एक जुनी पूर्वखूण आपल्याच पिटकात पडून आहे.

यावर एक अभ्यासू आक्षेप येतो. हा निर्णय आधीच उपसंपदा झालेल्यांबद्दल आहे, नव्याने येणाऱ्यांबद्दल नाही, आणि तो बदल आपोआप झालेला होता, शस्त्रक्रियेने नव्हे. पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. लिंग बदलणे हीच अपात्रता असती, तर झालेली उपसंपदाही टिकली नसती, कारण पंडकाच्या बाबतीत झालेली उपसंपदाही टिकत नाही. इथे ती टिकली. म्हणजे विनयाच्या हिशेबात लिंग बदललेला माणूस आणि पंडक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धम्मपदाच्या अट्ठकथेत सोरेय्य नावाच्या श्रेष्ठीची कथा आहे. तो पुरुषाचा स्त्री झाला, तक्षशिलेत संसार केला, मुले झाली, पुन्हा पुरुष झाला, मग महाकच्चायनांकडे प्रव्रज्या घेतली आणि अर्हत झाला. कथा कथाच आहे. पण बाप म्हणूनही आणि आई म्हणूनही मुले वाढवलेल्या माणसाला अर्हतपदी बसवताना त्या परंपरेला अडचण वाटली नाही, एवढे तरी त्यातून दिसते.

दुसऱ्या भागाबद्दल चुल्लवग्ग पाहावे. एका भिक्खूने वासनेला कंटाळून स्वतःचे लिंग कापून टाकले. भगवंत म्हणाले की जे कापायला हवे होते ते सोडून या वेड्याने भलतेच कापले. दोष लागला थुल्लच्चय, म्हणजे गंभीर, पण संघातून घालवणारा नव्हे. (जाता जाता, हिजडा समाजात लिंगछेदाच्या विधीला 'निर्वाण' म्हणतात. हा शब्द त्यांच्याकडे कोणत्या वाटेने पोहोचला याचा शोध आपल्यातल्या एखाद्या पालीच्या विद्यार्थ्याने घ्यायला हवा.)

पुस्तकातून आता इतिहासात येऊ, कारण हा प्रश्न प्रत्यक्षात भारताच्या भूमीवर एका माणसाच्या वाट्याला आला आणि त्या प्रसंगात आपल्या चळवळीला जवळचे एक नाव आहे. मायकल डिलन यांचा जन्म १९१५ साली लंडनमध्ये मुलगी म्हणून झाला. ते ऑक्सफर्डला शिकले, पुढे हार्मोन घेऊन आणि डॉ. हॅरॉल्ड गिलीज यांच्याकडून १९४६ ते १९४९ या काळात अनेक शस्त्रक्रिया करून घेऊन पुरुष म्हणून जगू लागले. डब्लिनला वैद्यकशास्त्र शिकून जहाजावर डॉक्टर झाले. घराणे सरदारी होते. सरदार घराण्यांच्या दोन वंशावळींच्या पुस्तकांत एकात ते भाऊ आणि एकात बहीण असे छापले गेले होते. १९५८ साली वृत्तपत्रांनी हे हेरून त्यांना उघडे पाडले. ते भारतात आले.

कलिंपोंगला ते संघरक्षितांच्या विहारात राहिले. जीवक हे नाव त्यांना तिथेच मिळाले, बुद्धाच्या वैद्याचे. संघरक्षित कोण हे आपल्याला सांगायला नको. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाच्या दिवशी, ६ डिसेंबर १९५६ ला, ते नागपुरात होते आणि त्या हादरलेल्या जनसमुदायाला त्यांनी धीर दिला. पुढे त्यांच्याच प्रेरणेने त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण महाराष्ट्राच्या वस्त्यावस्त्यांत पोहोचला. हे ऋण आहेच. पण जीवकांना थेरवादी उपसंपदा हवी होती आणि तिला आक्षेप घेणारेही संघरक्षितच होते. जीवकांनी आपली हकिकत त्यांना विश्वासाने सांगितलेली होती. आक्षेपाचा आधार तोच, विनयातली बंदी. जीवक काही हात जोडून गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. विनय वाचून त्यावर त्यांनी चिकित्सक पुस्तकच लिहिले. ते १९६० साली निघाले.

थेरवादाचे दार लागल्यावर ते तिबेटी परंपरेकडे वळले. लडाखमधला रिझोंग मठ शिस्तीसाठी प्रसिद्ध. तिथे ते गेत्सुल, म्हणजे श्रामणेर झाले, लोबझांग जीवक. सरदार घराण्यातला, ऑक्सफर्डचा, चाळिशी उलटलेला डॉक्टर तिथे पोरसवदा श्रामणेरांच्या ओळीत बसत होता आणि त्या दिवसांवर त्यांनी आनंदाने पुस्तक लिहिले. पूर्ण उपसंपदा त्यांना मिळाली नाही. १५ मे १९६२ रोजी डलहौसीच्या रुग्णालयात ते वारले, वय सत्तेचाळीस. आत्मचरित्र त्यांनी मरणाच्या थोडेच आधी पुरे केले होते, ते छापून यायला अर्धशतकाहून जास्त काळ गेला.

ज्या संघात राजवैद्य जीवकाच्या नावावरून रोग्यांना दार बंद झाले, त्याच संघात जीवक हेच नाव दिलेल्या डॉक्टरला पुन्हा दार बंद व्हावे, हा योगायोग आम्हाला अस्वस्थ करतो. आणि पाराजिकेतला तो निर्णय लावला असता तर जीवकांचा निकाल काय लागला असता? स्त्री होती, पुरुष झाली, पुरुषांच्या संघात राहावे. नियम हाताशी होता. लावला मात्र पंडकाचा.

आजचे बौद्ध देश या बाबतीत काय करतात? थायलंडमध्ये पारलिंगी स्त्रिया, 'कथोय', रस्त्यावर, दुकानांत, रंगमंचावर सगळीकडे दिसतात. पण चीवर हवे तर पुरुष होऊन यावे लागते. २००९ ची पारलिंगी सौंदर्यस्पर्धा जिंकलेल्या एका कलावंताने २०१३ साली स्तनांचे रोपण काढून टाकले आणि मगच भिक्खूची दीक्षा घेतली. तिबेटी निर्वासितांमधली तेन्झिन मारिको आधी भिक्खू होती. उघडपणे पारलिंगी स्त्री म्हणून जगू लागली ती चीवर उतरवल्यानंतर. दोन्ही घटनांत धम्म आणि स्वतःचे शरीर यांतले एक निवडावे लागले. भिक्खुणी संघात जाण्याची वाट असती तर? पण थायलंडने १९२८ च्या आदेशाने स्त्रियांच्या दीक्षेलाच मनाई केली आहे. धम्मानंदा भिक्खुणींना २००३ साली उपसंपदेसाठी श्रीलंकेला जावे लागले. स्त्रीलाच जागा नाही तिथे पारलिंगी स्त्रीला कुठून असणार?

भिक्खुणींचा हा इतिहास मुद्दाम आठवायला हवा, कारण 'विनय बदलता येत नाही' हे वाक्य त्यांनाही ऐकवले गेले होते. थेरवादात भिक्खुणी परंपरा खंडित झाली, भिक्खुणी संघाशिवाय भिक्खुणी होत नाही, तेव्हा आता कधीच नाही, असा तो तर्क. तरी १९९६ ला सारनाथमध्ये आणि १९९८ ला बोधगयेत उपसंपदा झाल्या, दुसऱ्या परंपरेच्या भिक्खुणींची मदत घेऊन. ज्यांना वाट काढायची होती त्यांना विनयातच वाट सापडली. आणि विनय स्वतःही लवचीक होता. भिक्खुणी होऊ पाहणाऱ्या स्त्रियांना शरीराबद्दलचे प्रश्न भिक्खूंसमोर विचारत, त्या लाजून गप्प होत, उत्तर देता येत नसे. तेव्हा पद्धत बदलली, हे प्रश्न आधी भिक्खुणींनीच विचारावेत असे ठरले. माणसाला लाज वाटते, एवढे कारण पद्धत बदलायला पुरेसे होते. शेवटच्या दिवसांत तथागतांनी किरकोळ नियम संघाने हवे तर सोडावेत अशी मुभाही दिली. पण किरकोळ कोणते हे आनंदाने विचारले नाही, म्हणून राजगृहाच्या पहिल्या संगीतीत महाकश्यपांच्या प्रस्तावाने एकही नियम न सोडण्याचे ठरले. परवानगी शास्त्याची होती. न वापरण्याचा निर्णय मागे राहिलेल्या स्थविरांचा होता.

बाबासाहेबांनी परंपरेची अशी वाट पाहिली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला भदन्त चंद्रमणींकडून त्यांनी त्रिसरण-पंचशील घेतले आणि मग स्वतः, गृहस्थ असून, लाखोंना दीक्षा दिली. संघात जातीची, लिंगाची, दर्जाची आडकाठी नव्हती, हे त्यांनी आपल्या ग्रंथात संघाची ओळख करून देताना पहिल्याच पानांत लिहिले. कुष्ठरोगी सुप्रबुद्धाची दीक्षा त्यांनी मुद्दाम सांगितली. भिक्खू कशासाठी, स्वतःपुरता परिपूर्ण माणूस व्हायला की समाजाची सेवा करायला, हा प्रश्न त्यांनी प्रस्तावनेतच ठेवला. आणि लैंगिकतेच्या विषयाला नाक मुरडणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की १९३४ साली 'समाजस्वास्थ्य' मासिकात समलिंगी संबंधांसह वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिल्याबद्दल र. धों. कर्वे यांच्यावर खटला झाला, तेव्हा वकील म्हणून बाबासाहेब उभे राहिले होते. खटला हरले. कर्व्यांना दंड झाला.

आता आपल्या अंगणात या. श्रामणेर शिबिर म्हणजे दहा दिवस मुंडन, चीवर, दहा शील, भिक्षाटन. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी केलेले आहे. पूर्ण उपसंपदेचा प्रश्न इथे येतही नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या एका ताईने महिलांच्या शिबिराला नाव दिले. ताई पारलिंगी आहे. रविवारची वंदना तीच घेते, बावीस प्रतिज्ञा तिच्याइतक्या खणखणीत आवाजात आमच्यात कुणी म्हणत नाही. संयोजकांनी सांगितले, बायका तयार होणार नाहीत. आम्ही शिबिराला जाणाऱ्या सात-आठ जणींना विचारून आलो, एकीलाच संकोच होता, तोही संडास-बाथरूमपुरता. मग सांगितले, पुरुषांच्या शिबिराला येऊ दे. ताई म्हणाली, मी पुरुष नाही. शेवटी भन्ते, खरोखर प्रेमाने, म्हणाले की ताई, उपासिका म्हणून रोज ये, वंदना घे, भोजनदान कर, चीवर मात्र नको. ताई म्हणाली, "भन्ते, निदान मुंडन करू द्या." हे केस वाढवण्यासाठी तिला सोळाव्या वर्षी घर सोडावे लागले होते. ते ती उतरवायला तयार होती.

त्या शिबिराला ती रोज भोजन घेऊन गेली. पुढच्या वर्षी तिच्या गुरुभगिनी तिला कुंभाला चल म्हणाल्या. २०१५ साली किन्नर आखाडा निघाला, २०१९ च्या प्रयागराज कुंभात तो जुना आखाड्याबरोबर शाही स्नानाला उतरला. तिथे भगवी वस्त्रे मिळतात, पदवी मिळते, लोक पाया पडतात. त्याच आखाड्याच्या प्रमुखांनी अयोध्येच्या मंदिराला पाठिंबा दिला, तेव्हा देशभरच्या पारलिंगी कार्यकर्त्यांनी, त्यात दलित-बहुजन पुष्कळ होते, जाहीर निषेध केला. त्यांनी आपल्या बाजूने किंमत मोजली. आपण काय दिले? राजकारणात थोडे दिले आहे. दिशा पिंकी शेख वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या, शमिभा पाटील यांना २०२४ ला रावेरमधून विधानसभेची उमेदवारी मिळाली. ग्रेस बानूंची समांतर आरक्षणाची मागणी आपले तरुण आता स्वतःची म्हणून मांडतात. म्हणजे सभेच्या मंचावर चालते, मतपत्रिकेवर चालते, विहाराच्या चटईवर चालत नाही.

महाबोधी महाविहार बौद्धांच्या ताब्यात यावे म्हणून १९४९ चा कायदा रद्द करा, ही मागणी घेऊन आपण रस्त्यावर आहोत. ती न्याय्यच आहे. उद्या तिथली व्यवस्था आपल्या हाती आली आणि ही ताई चीवर मागायला तिथे गेली, तर कोणत्या रांगेत उभे करणार, हे आधी ठरवून ठेवलेले बरे.

पूर्ण उपसंपदेचा निर्णय भिक्खू-भिक्खुणी संघानेच घ्यायचा आहे, आणि महाराष्ट्रात भिक्खुणी संघ अजून इतका लहान आहे की पारलिंगी स्त्रीला खरोखर कुठे राहायचे हा प्रश्न उरतोच. त्याचे तयार उत्तर आमच्याकडे नाही. शिबिराचे मात्र आहे, कारण शिबिरे आपण भरवतो, मंडप आपण घालतो, अर्ज आपण छापतो. आम्ही आमच्या तालुक्यातल्या आयोजकांना लेखी दिले आहे: अर्जावर स्त्री-पुरुषाबरोबर तिसरा रकाना ठेवा आणि कोणत्या शिबिरात बसायचे हे भरणाऱ्याला लिहू द्या, शरीराबद्दल काही विचारायचेच असेल तर एका जाणत्या बाईने बाजूला घेऊन विचारावे, मंडपात नव्हे, एक संडास-बाथरूम कडीसकट वेगळे ठेवा, खर्च आम्ही काढतो. भन्तेंना पाराजिकेतल्या त्या निर्णयाचा पाली मजकूर आणि मराठी अर्थ वहीत उतरवून दिला आहे. त्यांनी वही ठेवून घेतली आणि वर्षावासात वाचतो म्हणाले. ताईने अर्ज पुन्हा भरला आहे, महिलांच्या शिबिरासाठी.